यातून त्यात

१२ जानेवारी

पोचलो एकदाचा! विनिपेगहून बसने नऊ तास. खिडकीबाहेर बर्फ आणि झाडं, झाडं आणि बर्फ. शेजारचा म्हातारा सारखा विचारत होता, पोरा, एवढा हसतोयस कशाला, लॉटरी लागली की बायको मिळाली? मी म्हटलं, दुसरं होईलसं वाटतंय. तो म्हणाला, मग आत्ताच हसून घे, नंतर सवड मिळत नाही.

थंडर बेला उतरल्या उतरल्या आधी पर्शियन खाल्ला. आइला त्याच्याबद्दल इतकं बोलायची की मला वाटायचं राजवाड्यातलं पक्वान्न असेल. निघाला तळलेला गोड पाव, वर गुलाबी साखरेचा थर. तरी पहिल्याच घासाला डोळे भरून आले. काउंटरवरची बाई म्हणाली, कालचा आहे का रे? मी म्हटलं, नाही बाई, फार ताजा आहे.

आइलाला माहीत नाही मी आलोय ते. आइला कोर्पेला. ही वही नवीन आहे, म्हणून सुरुवातीपासून लिहितो. पहिल्यांदा भेटलो ते विनिपेगच्या गोठलेल्या नदीवर. मी स्केट्सवर धडपडत होतो. ती मागून आली, माझ्या कोटाची कॉलर धरली आणि लहान पोराला चालवावं तसं पुलापर्यंत नेलं. मग पुढे येऊन उलटं घसरत हसत राहिली. लाल हातमोजे, डाव्याचा अंगठा उसवलेला. डाव्या भुवईत पांढरी रेघ, लहानपणी सौनाच्या, त्यांच्या वाफेच्या खोलीतल्या, बाकावरून पडल्याची. त्या दिवसाचा एकही फोटो नाही, दोघांचेही फोन थंडीने मेले होते. माझा राग बघून तिने माझं नाव आगकाडी पाडलं. ओरेस्ट अशी हाक तिने मला दोनदाच मारली, दोन्ही वेळा भांडताना.

सप्टेंबरात तिच्या आईची शस्त्रक्रिया ठरली. कॉलेजचं वर्ष सोडून थंडर बेला घरी जाते म्हणाली. मी भर पुलावर ओरडलो, गेलीस तर मला मेलीस. आणि रागात स्वतःचाच फोन नदीत भिरकावला. तिचा नंबर त्याच्याबरोबर बुडाला. दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. नोव्हेंबरात कॉलेज सोडलं. तिच्याशिवाय तो वर्ग म्हणजे नुसत्या खुर्च्या होत्या.

आता इथे एका दुरुस्तीच्या दुकानात नोकरी मिळाली आहे, वरच राहायला खोली. जरा माणसात यायचं, दाढी करायची, तिच्या दारात जाऊन म्हणायचं, चुकलो. एवढंच. पुढचं काही तयार केलेलं नाही.

१३ जानेवारी

मालकीणबाईचं नाव लोरेटा. आडनाव विचारलं तर म्हणाली, बाहेर पाटीवर आहे, कॉलेजात वाचायला शिकवलं असेलच ना? साठीच्या पुढची. तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढली, आता लॅपटॉप दुरुस्त करते. मी दार उघडं ठेवलं तर ओरडली, लाव ते, का सगळ्या तलावाला आत बोलावतोस?

निम्मी कामं एकच. लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क मरायला टेकलेली असते, ती काढून नव्या जातीची डिस्क, एसएसडी, बसवायची. जुनीच्या पोटात तबकडी फिरते, तिच्यावर काटा हलतो. नवीत हलणारं काहीच नाही. लोरेटा म्हणते, जुनी कुरकुरते तोवर जिवंत आहे हे तरी कळतं. नवी गप्प असते आणि गप्पच मरते.

खोली छान आहे. खिडकीतून तलाव दिसतो, पलीकडे झोपलेल्या माणसासारखा दिसणारा डोंगर. आइला म्हणायची, त्याला उठवू नको, आमच्या घरात आधीच घोरणारे फार.

१४ जानेवारी

काम शिकलो. तळाचे स्क्रू काढायचे, निघाले त्याच क्रमाने चुंबकाच्या ताटलीत ठेवायचे, बॅटरीची जोडणी सोडवायची, डिस्क अलगद बाहेर. मग नक्कल करणाऱ्या यंत्राच्या खोक्यावर जुनी डावीकडे, नवी उजवीकडे, आणि एकीतलं सगळं दुसरीत उतरवायचं. पडद्यावर बारीक चौकटी दिसतात. वाचलेली जागा हिरवी, न वाचता आलेली लाल. आधी सोपी जागा उरकायची, मग लालवर फेऱ्या मारायच्या. आजारी डिस्क जपून वाचायची, कारण दर वाचनाला ती झिजते. एकदा दिलेलं ती पुन्हा देईलच असं नाही.

आणि एक विचित्र नेम. सुरू करण्याआधी डावा तळहात जुन्या डिस्कवर ठेवून मोठ्याने म्हणायचं, यातून. उजवा नवीवर ठेवून, त्यात. मग बटण. मी हसलो. लोरेटाने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. अकरा वर्षांपूर्वी तिने एका म्हाताऱ्याचं काम उलटं केलं होतं. कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरवली. त्याच्या गेलेल्या बायकोचं होतं नव्हतं ते पुसलं गेलं. म्हाताऱ्याने टोपी घातली आणि गेला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, म्हणाली.

जिथे हात तिथून निघतं, असं ती म्हणते. त्या खोक्याला तेवढंच कळतं.

१५ जानेवारी

दुपारच्या सुट्टीत आइलाच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. टपालपेटीला हात लावून परत आलो. भित्रा! रागाने पेटीला लाथ मारली, अंगठा सुजला. लोरेटाने बर्फाची पिशवी दिली आणि विचारलं, पेटीने काय घाण शिवी दिली रे तुला?

उद्या नक्की.

१६ जानेवारी

आज सकाळी तिची आई दुकानात आली.

ओळख करून द्यावी लागली नाही. भुवया त्याच. हातात आइलाचा लॅपटॉप, झाकणावर तिने चिकटवलेला निळा मासा. मी काउंटरमागे उभा होतो, तोंडभर हसलो. म्हटलं आता सांगावंच, मी तोच तो.

मिसेस कोर्पेला म्हणाल्या, माझ्या मुलीचा आहे. ऑक्टोबरात गेली ती. महामार्गावर गाडीला मूस हरीण आडवं आलं. फोनचा चुरा झाला, आता तिचं जे काही उरलंय ते याच्यात. आणि हा टकटक करायला लागलाय.

मी काय केलं ते लिहितो. मी पावती फाडली. नाव, पत्ता, काय बिघडलंय.

त्या म्हणाल्या, बाकी काही नाही मिळालं तरी चालेल, एक हसू तेवढं काढून द्या. जुलैत तलावाकाठच्या कॅम्पवर, सुट्टीतल्या लाकडी घरात, मायलेकी दोघी पुल्ला, वेलदोड्याचा गोड पाव, करत होत्या. कणीक आजीच्या फोटोवर उडाली आणि दोघी हसत सुटल्या, ते आइलाने टिपून ठेवलं होतं. मला माहीत आहे ते. वसतिगृहात तिने मला ऐकवलं होतं. ऐक आगकाडी, म्हणाली होती, माझी आई बदकासारखी हसते.

जाता जाता लोरेटाला सांगत होत्या, विनिपेगला कोणी एक तापट मुलगा होता. त्याच्या फोनची वाट बघायची. क्रियेलाही आला नाही मेला. तिच्या नावाची दोन पत्रं येऊन पडलीत, उघडायचा धीर होत नाही.

पत्रं माझी आहेत. मी पावतीवर शिक्का मारत होतो.

गेलीस तर मला मेलीस. मी म्हटलं होतं. पुलावर. मोठ्याने.

१७ जानेवारी

लोरेटा म्हणाली, डोळे कसे झालेत बघ, दुसरं काम घे, हे मी करते. मी ओरडलो, हे मीच करणार, हात लावायचा नाही कोणी! ती म्हणाली, बरं बाबा, पेटवू नकोस दुकान.

स्क्रू काढले. आत पंख्यात तिचा एक केस अडकलेला होता, लांब, पिवळट. तो या वहीत ठेवला आहे. डिस्क खोक्यावर लावली. टक. टक. टक. कोणी दारावर बोटाने वाजवावं तशी. ऐकवेना. डावा हात आपसूक छातीवर गेला, आत दुखत होतं म्हणून. डोळे मिटले, म्हणालो, यातून. उजवा नव्या एसएसडीवर. त्यात. बटण दाबलं.

लोरेटाने काउंटरवरून विचारलं, हात ठेवलास ना जुनीवर? मी हो म्हणालो.

पहिल्या फेरीत निम्मं हिरवं. फायलींची यादी आली. आपण दोन-तीन उघडून तपासायच्या, बाकीत डोळा घालायचा नाही, असा नेम. पण एक नाव दिसलं: आगकाडीसाठी. आवाजाची फाइल. तारीख सप्टेंबरअखेरची, म्हणजे भांडणानंतरची. ती हिरव्यात आहे. पूर्ण आली आहे. उघडता येईल.

उघडली नाही. तिनेही तेच म्हटलं असेल तर, की तू मला मेलास?

कॅम्प, जुलै ही फाइल लाल आहे.

१८ जानेवारी

दुसरी फेरी. लालचं हिरवं होतंय, झपाझप. लोरेटा चष्मा वर करून बघत राहिली. एवढी सडलेली डिस्क इतकी उदार झालेली तिने पाहिली नाही म्हणे. कान लावून बघ, म्हणाली, काटा वाचतोय असा आवाज तरी येतोय का? टकटक आहे. पण मला ती डिस्कमधून येतेय असं वाटत नाही.

दुपारी कोपऱ्यावर पर्शियन खाल्ला. कोणीतरी मला याच्याबद्दल सांगितलं होतं. कोणी ते आठवेना. बसमधला म्हातारा असेल.

१९ जानेवारी

तपासायला एक चित्रफीत उघडली. नवीनच यादीत आली आहे, नाव नाही. गोठलेली नदी, पूल. आइला उलटी घसरत जातेय आणि हसतेय, लाल हातमोजे. चित्र हलतंय, धडपडणाऱ्या माणसाने टिपल्यासारखं. कडेला हिरवा मफलर उडतोय.

तो मफलर माझा आहे. आत्ता माझ्या गळ्यात आहे.

फार गोड आहे. तीनदा बघितली. कधीची असेल? आम्ही तर नदीवर कधी

२० जानेवारी

वही मागे उलटली. १२ तारखेचं पान. माझं अक्षर. नदी, कॉलर, हातमोजे, सगळं लिहिलंय. आणि हेही की त्या दिवसाचा एकही फोटो नाही, दोघांचे फोन मेले होते.

कॅमेरा नव्हताच. ते माझ्या डोळ्यांतून टिपलेलं आहे.

आणि माझ्याकडे ते आता नाही. आत शोधलं. जिथे असायला हवं तिथे गुळगुळीत आहे, बर्फासारखं.

लोरेटाला सगळं सांगितलं. मी कोण, कोणाचा, पुलावर काय बोललो ते. हात कुठे होता तेही. ती शिव्या देईल असं वाटलं. दिल्या नाहीत. उठली, खोक्यावरून जुनी डिस्क उपटून काढली, हातात धरून उभी राहिली.

पडद्यावर एक लाल चौकट हिरवी झाली. मग दुसरी.

डिस्क तिच्या हातात होती. वायर लोंबत होती.

टक. टक. माझ्या बरगड्यांच्या आत. लोरेटाने माझ्या छातीला कान लावला आणि चटका बसल्यासारखी मागे सरली.

२१ जानेवारी

लोरेटा म्हणाली, वीज तोडते. गेलं ते परत मिळणार नाही, पण उरलंय तेवढं तुझं तुला राहील. मी विचारलं, कॅम्प, जुलै? ते अजून लाल आहे. खरी डिस्क मेली, पुन्हा लावून पाहिली तर फिरेचना, तिच्यातून आता काही निघणार नाही. म्हणजे ते हसू जगात एकाच जागी आहे, माझ्यात. वसतिगृहात, पलंगावर बसून, मी ऐकलं होतं.

तोडलं तर मिसेस कोर्पेलांना काय देऊ? पावती?

लोरेटा म्हणाली, मूर्खा, त्या बाईची मुलगी गेलीच आहे, तू तुझी कशाला घालवतोस? मी टेबलावर मूठ आपटली. म्हटलं, मी तिला एकदा घालवलीय, भर पुलावर, फुकट. आता निदान कोणाला तरी देऊ दे.

ती रडायला लागली. खांबांवर चढणारी बाई. मग म्हणाली, निदान तुझ्या नावाची ती फाइल तरी ऐक. आत्ता. तू अजून तू आहेस तोवर ऐक.

बटणावर बोट ठेवलं. काढलं. उद्या. हसू आलं की दोन्ही एकदम ऐकेन. शपथ.

२२ जानेवारी

काय काय उरलंय ते लिहून ठेवतो — तिचा चेहरा. नाव, आइला. भुवईतली रेघ — कशाची? पडली होती कशावरून तरी. कशावरून. पुलावरचं भांडण आहे. ते जात नाहीये. सगळं चांगलं आधी जातंय, ते मेलं तसंच —

दुपार. वहीत एक केस सापडला. लांब. कोणाचा — लोरेटाचे तर पांढरे.

संध्याकाळी चारला एकदम मोठा पट्टा हिरवा. कॅम्प, जुलै आली! ऐकली. दोन बायका हसतायत, हसतायत, एकीचं हसू बदकासारखं. मलाही हसू आलं. लोरेटाने तोंड फिरवलं.

एकच लाल चौकट राहिली आहे. टक —

२३ जानेवारी

सगळं हिरवं. छातीत शांत वाटतंय, किती दिवसांनी. एसएसडी बसवली, स्क्रू क्रमाने लावले, एकही उरला नाही. लॅपटॉप दहा सेकंदांत सुरू झाला. झाकणावर निळा मासा आहे, पुसून लखलखीत केला.

लोरेटा मागे लागली, ती फाइल ऐक, ती फाइल ऐक. गिऱ्हाइकाच्या वस्तूत डोळा घालायचा नाही हा नेम तिचाच. तरी ऐकली. एक मुलगी बोलतेय. मागे चुलीत लाकूड तडतडतंय.

आगकाडी, मी अजून रागावलेली आहे, पण थोडीच. तुझा फोन नदीत गेला हे मला माहीत आहे, मी पुलावरून बघत होते, येड्या. म्हणून हे बोलून ठेवतेय, भेटलास की ऐकवीन. आईचं ठीक आहे. तू ये. बसने ये, नऊ तास लागतात. आल्यावर आधी पर्शियन खा, मग आमच्याकडे ये. दार वाजवू नको, सरळ आत ये.

फार छान आवाज आहे. मी लोरेटाला म्हटलं, कोण आहे हा आगकाडी? गेला का नाही हरामखोर? एवढं बोलावते आहे ती! मला असा राग आला की स्टुलाला लाथ घातली.

लोरेटाने माझं डोकं धरून पोटाशी घेतलं. मला कळेना काय करावं. तसाच उभा राहिलो.

२४ जानेवारी

गिऱ्हाईक आलं. मिसेस कोर्पेला. भुवया ओळखीच्या वाटल्या, पण इथे सगळेच — हसू ऐकून त्या खाली बसल्या. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग त्यांनी ती दुसरी फाइलही ऐकली. म्हणाल्या, माफ केलं होतं तिने त्याला. त्या मुलाला शोधून हे सांगायला हवं. तो कुठे असेल, कुठल्या अवस्थेत असेल.

लोरेटा म्हणाली, हा काय उभा आहे.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. जवळ आल्या. माझ्या गालाला हात लावून विचारलं, तूच का रे?

मी खरं ते सांगितलं. नाही बाई. तुमची काहीतरी गफलत होतेय. मी ओरेस्ट, इथे नवीन आहे.

त्या गेल्या. पिशवीतून पुल्ला काढून ठेवून गेल्या, अजून गरम आहे.

लोरेटा म्हणते पहिलं पान वाच. वाचतो. आधी एक लिहून ठेवतो — लॅपटॉप देण्याआधी पडद्यावर त्या मुलीचा फोटो पाहिला. लाल हातमोजे. भुवईत एक पांढरी रेघ. मला उगाच रडू आलं. अशी मुलगी आपल्याला आयुष्यात एकदा तरी भेटायला हवी होती, असं —

वाचलं. १२ जानेवारी. अक्षर माझं आहे. पोचलो एकदाचा, म्हणून लिहिलंय. मी या गावात कोणासाठी तरी आलो. तिचं नाव वाचलं, इथे लिहायला घेतलं तर